लीगचे बोलावणे आणि अपुरी पदवी

महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूने पदवी हाती येण्याआधीच शिक्षण सोडून व्यावसायिक व्हावे काय, या प्रश्नाची जगात सर्वाधिक चर्चा झाली ती अमेरिकेतील बास्केटबॉलच्या संदर्भात. रायगड जिल्ह्यातील तळा तालुक्यात आणि त्याच्या शेजारच्या रोहा, माणगाव, म्हसळा, मुरूड या तालुक्यांत हा प्रश्न कबड्डीच्या मैदानावर उभा राहतो. भातकापणी आटोपल्यावर गावोगावी जे सामने भरतात, त्यांतून पुढे आलेला एखादा चढाईपटू जिल्ह्याच्या कुमार गटात निवडला जातो, राज्य स्पर्धेत कोणाच्या तरी नजरेत भरतो, आणि नेमका तो प्रथम किंवा द्वितीय वर्षात असताना एखाद्या संघाच्या निवड चाचणीचे वा सराव शिबिराचे बोलावणे येते. घरातील माणसांना अशा वेळी अभिमान आणि धास्ती एकदमच वाटते. निर्णय मात्र बहुधा आठवड्याभरात घ्यावा लागतो. प्रस्तुत लेख अशा खेळाडूंसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि त्यांना सल्ला देणाऱ्या शिक्षकांसाठी आहे.

आरंभी ‘व्यावसायिक’ या शब्दाची व्याप्ती पाहणे आवश्यक आहे, कारण महाराष्ट्रातील कबड्डीत तो दोन निरनिराळ्या व्यवस्थांना लागू पडतो. पहिली व्यवस्था जुनी आहे. बँका, रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या, महानगरपालिका आणि खासगी कारखाने खेळाडूला नोकरीवर ठेवतात, त्याच्याकडून आपल्या संघासाठी खेळून घेतात आणि खेळ थांबल्यावरही त्याची नोकरी चालू राहते. स्पर्धांच्या पत्रिकांवर ‘व्यावसायिक गट’ असे छापलेले असते ते या संघांसाठी. दुसरी व्यवस्था २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगची आहे. तीत संघमालक खेळाडूशी ठरावीक मुदतीचा करार करतो, मोबदला लिलावात किंवा करारात ठरतो, आणि मुदत संपली की दोन्ही पक्ष मोकळे होतात. शिक्षण सोडण्याचा मोह दुसऱ्या व्यवस्थेमुळे होतो, आणि खेळाडूचे उरलेले आयुष्य बहुतांशी पहिल्या व्यवस्थेवर उभे राहते. पुढील विवेचनाचा सगळा रोख या विसंगतीकडे आहे.

अमेरिकेतील उदाहरण येथे कितपत उपयोगी पडते, हेही पाहिले पाहिजे. तेथील एनबीए या व्यावसायिक संघटनेत नव्या खेळाडूंचा प्रवेश वार्षिक निवडीतून होतो. या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात, आणि तीत दोन फेऱ्यांमध्ये मिळून सुमारे ६० खेळाडू घेतले जातात. २००५ साली संघमालक आणि खेळाडू संघटना यांच्यात झालेल्या करारानुसार खेळाडूचे वय त्या वर्षी किमान १९ असावे आणि त्याच्या वर्गाचे शालेय शिक्षण संपून एक हंगाम उलटलेला असावा, असा नियम आला. त्यामुळे अनेक गुणवान खेळाडू महाविद्यालयात एकच वर्ष काढून बाहेर पडू लागले. पहिल्या फेरीत निवड झाली तर किमान दोन वर्षांच्या मोबदल्याची हमी असते, दुसऱ्या फेरीत तशी हमी नसते, म्हणून तेथे लवकर बाहेर पडण्याचा हिशेब मुख्यतः पहिल्या फेरीची शक्यता किती यावर बसवला जातो. ठरावीक तारखेपर्यंत नाव मागे घेऊन महाविद्यालयात परतण्याची मुभाही आहे. टिम डंकनने वेक फॉरेस्ट विद्यापीठात पूर्ण चार वर्षे काढून १९९७ साली एनबीएत प्रवेश केला. स्टीफन करीने २००९ साली डेव्हिडसन महाविद्यालय तीन वर्षांनंतर सोडले आणि राहिलेली पदवी २०२२ साली पूर्ण केली. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि प्रतिमेच्या वापरातून पैसे मिळवण्याची परवानगी मिळाली, २०२५ पासून विद्यापीठे त्यांना उत्पन्नातील थेट वाटाही देऊ लागली, आणि घाईने बाहेर पडण्याचे आर्थिक कारण बऱ्याच अंशी उरले नाही.

या व्यवस्थेची एक खूण अशी की, व्यावसायिक झालेला बास्केटबॉलपटू पुन्हा महाविद्यालयाच्या संघातून खेळू शकत नाही, असे तेथे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. एक दार उघडले की दुसरे बंद, या धारणेवरच तेथील सगळा वाद उभा राहिला. भारतातील कबड्डीत अशी सक्ती नाही. लीगचा हंगाम दोन ते तीन महिन्यांचा असतो, आणि कोणताही संघ खेळाडूला महाविद्यालयातून नाव काढून आणण्याची अट घालत नाही. नाव निघते ते हजेरी भरत नाही म्हणून, परीक्षा बुडते म्हणून, शुल्क भरण्याची तारीख शिबिरात असताना निघून जाते म्हणून, आणि पुष्कळदा ‘आता कशाला शिकायचे’ या एका वाक्यामुळे. म्हणजेच तळ्यातील खेळाडू ज्याला मोठा निर्णय समजतो, तो अनेकदा निर्णय नसतोच. ती दुर्लक्षातून झालेली गळती असते, आणि म्हणून ती टाळताही येते.

आता लीगमधील जागांचा विचार करू. २०१७ पासून लीगमध्ये १२ संघ आहेत आणि अलीकडच्या नियमांनुसार एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू असू शकतात. म्हणजे सगळे संघ पूर्ण भरले आणि इराणसारख्या देशांतून येणारे खेळाडूही त्यांतच धरले, तरी सबंध देशासाठी ३०० च्या वर जागा नाहीत. या जागांसाठी हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश, तमिळनाडू, कर्नाटक या राज्यांतील खेळाडूंशी स्पर्धा करावी लागते. वृत्तपत्रांत येणारे आकडे वरच्या टोकाचे असतात. २०१४ च्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला मिळालेले १२.८० लाख रुपये ही भारतीय खेळाडूसाठीची सर्वांत मोठी बोली होती. २०१८ साली मोनू गोयतची बोली १.५१ कोटींवर आणि मुंबईच्या रिशांक देवाडिगाची १.११ कोटींवर गेली. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६०.५० लाख मोजले. त्या लिलावात एका संघाला खर्च करण्यासाठी मिळून ५ कोटी रुपयांचीच मर्यादा होती, हे लक्षात घेतले म्हणजे एका खेळाडूवर निम्म्याहून अधिक रक्कम गेल्यावर उरलेल्यांच्या वाट्याला काय येत असेल, याचा अंदाज करता येतो. लिलावातील खेळाडूंचे अ, ब, क आणि ड असे चार वर्ग असून त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे ३०, २०, १३ आणि ९ लाख रुपये ठेवल्या गेल्या आहेत. मूळ किंमत ही बोलीची पहिली पायरी. त्या किमतीलाही कोणी हात वर केला नाही तर खेळाडू ‘अनसोल्ड’ राहतो आणि त्याला काहीच मिळत नाही.

महाविद्यालयीन खेळाडू मात्र सहसा या लिलावातून येत नाही. त्याच्यासाठी ‘न्यू यंग प्लेअर’ हा वेगळा मार्ग आहे. साधारणतः १८ ते २२ या वयातील नवोदितांना संघ निवड चाचण्यांतून थेट करारबद्ध करतात, त्यांचे मानधन खुल्या बोलीने ठरत नाही, आणि पुढच्या हंगामासाठी त्यांना कायम ठेवायचे की सोडायचे हे ठरवण्याचा अधिकार बव्हंशी संघाकडे असतो. या मार्गाची लाज बाळगण्याचे कारण नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार याच वर्गातून पुणेरी पलटणमध्ये आला, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत झालेल्या अंतिम सामन्यात त्याच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले, आणि त्याआधीच हांगचौ आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. परंतु याच वर्गात करार झालेला एखादा तरुण सबंध हंगाम राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून परत येतो आणि पुढच्या वर्षी त्याला कोणी विचारत नाही, हेही नित्याचे आहे. त्याची बातमी होत नाही इतकेच.

वय उलटून जाईल या भीतीने अनेक खेळाडू घाई करतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुंबाकडून पहिल्यांदा लीगमध्ये उतरला तेव्हा त्याने पंचविशी ओलांडली होती. त्या वेळी त्याची बोली ३६.४० लाखांची होती. पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवल्यावर पुढच्या लिलावात ती १.४५ कोटींवर पोहोचली. सगळ्यांचा प्रवास असाच होईल असा याचा अर्थ नाही. कबड्डीत शरीर भरण्यास, पकडीचा अंदाज पक्का होण्यास आणि दबावाखाली चढाई करण्याची सवय लागण्यास वेळ लागतो. त्यामुळे १९ व्या वर्षी हुकलेली संधी कायमची हुकली असे मानण्यास आधार नाही. बास्केटबॉलमध्ये उंची लवकर दिसते आणि तिच्यावर पैज लावली जाते. कबड्डीतला कोपरारक्षक मात्र बाविशी-पंचविशीतच परिपक्व होतो, आणि चांगल्या निवडकर्त्यांना हे माहीत असते.

यानंतर नोकरीचा विचार, कारण खरा हिशेब येथेच आहे. कबड्डीतील सर्वांत महागड्या खेळाडूंपैकी पवन सेहरावत राष्ट्रीय स्पर्धांत भारतीय रेल्वेकडून खेळतो. भारताचा माजी कर्णधार अजय ठाकूर हिमाचल प्रदेश पोलीस दलात अधिकारी झाला. जानेवारी २०१८ मध्ये ११ वर्षांच्या खंडानंतर महाराष्ट्राला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देणारा कर्णधार रिशांक देवाडिगा भारत पेट्रोलियमच्या संघातून घडला. कोटीच्या बोलीचे मानकरीही नोकरीचा आधार सोडत नाहीत, मग नऊ लाखांच्या वर्गातल्या तरुणाने तो आधार कमी लेखावा, हे तर्काला धरून होत नाही.

रेल्वेच्या खेळाडू भरतीची जाहिरात नीट वाचली तर शिक्षणाचा आणि पगाराचा संबंध थेट दिसतो. वेतनस्तर १ साठी दहावी किंवा आयटीआय, स्तर २ व ३ साठी बारावी आणि स्तर ४ व ५ साठी पदवी, अशी शैक्षणिक अट असते, आणि वयोमर्यादा साधारणतः १८ ते २५ वर्षांची. सातव्या वेतन आयोगानुसार स्तर २ चे आरंभीचे मूळ वेतन १९,९०० रुपये आणि स्तर ५ चे २९,२०० रुपये आहे. महागाई भत्ता आणि घरभाडे या मूळ वेतनावरच मोजले जात असल्यामुळे हा फरक पुढील तीस-पस्तीस वर्षे वाढतच जातो. वरच्या स्तरासाठी खेळातील कामगिरीची अटही वरची असते, तेव्हा केवळ पदवीने ती जागा मिळते असे समजू नये. पण कामगिरी असून पदवी नाही म्हणून खालच्या स्तरावर समाधान मानावे लागणे, हा प्रकार पूर्णपणे टाळण्याजोगा आहे. शिवाय कामगिरी अलीकडच्या वर्षांतलीच धरली जाते. पाच वर्षांपूर्वीचे प्रमाणपत्र कितीही मोठे असले तरी भरतीच्या कामाचे राहत नाही. वय, ताजी कामगिरी आणि पदवी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हातात असण्याचा काळ २१ ते २५ या चार-पाच वर्षांचाच असतो. विसाव्या वर्षी शिक्षण सोडणारा खेळाडू पुढे पदवी मिळवतोही, परंतु तोवर तो सव्विशीत गेलेला असतो.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि उच्च वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलतही आहे. ही सवलत वयापुरती आहे. शैक्षणिक अर्हता प्रत्येक पदाच्या सेवाप्रवेश नियमांप्रमाणे पूर्णच करावी लागते. पोलीस शिपाई पदासाठी बारावी पुरते, परंतु राज्यसेवेतील किंवा पोलीस उपनिरीक्षकासारख्या पदांसाठी पदवी लागते.

शिक्षण चालू ठेवण्याचे आणखी एक कारण खेळाच्याच बाजूचे आहे. तळ्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ, त्यातून पश्चिम विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि तेथून २०२० पासून भरणाऱ्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा, अशी ही चढण आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेतील पहिल्या काही क्रमांकांची दखल रेल्वेसारख्या भरतीत घेतली जाते. जिल्हा संघात जागा मिळवण्यासाठी रायगडमध्ये ज्या गर्दीशी झुंजावे लागते, तिच्या मानाने विद्यापीठाचा मार्ग पुष्कळांना सोपा पडू शकतो, तरी ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थी त्याकडे फारसे पाहत नाहीत. हा मार्ग पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच खुला असतो. म्हणून ‘नियमित सोडून मुक्त विद्यापीठात नाव घालू’ असा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो विचारपूर्वक घ्यावा: यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीसाठी ग्राह्य आहे, हजेरीचा प्रश्नही तिथे सुटतो, पण दूरशिक्षण घेणाऱ्याला आंतरविद्यापीठ स्पर्धेची दारे मिटतात.

प्रत्यक्ष अडचण वेळापत्रकाची आहे. लीगचा दहावा हंगाम डिसेंबर २०२३ ते १ मार्च २०२४ असा झाला, अकरावा १८ ऑक्टोबर ते २९ डिसेंबर २०२४ असा, आणि बारावा २९ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर २०२५ असा. म्हणजे तीन वर्षांत आरंभाची तारीख तीन निरनिराळ्या महिन्यांत पडली. हंगामाआधी काही आठवड्यांचे शिबिर असते, आणि सामने विशाखापट्टणम, जयपूर, नोएडा, हैदराबाद अशा दूरच्या शहरांत असल्यामुळे मधल्या सुट्टीत तळ्याला येऊन पेपर देऊन जाणे बहुधा शक्य नसते. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या सत्राच्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येत असल्यामुळे २०२४ आणि २०२५ सारख्या हंगामांत त्या सत्रावर पाणी सोडण्याची वेळ येऊ शकते. उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या सत्राच्या परीक्षा सहसा मोकळ्या सापडतात. त्यामुळे सोय अशी करावी की हंगामाच्या सत्रात जे विषय राहतील ते ‘केटी’ म्हणून पुढे घ्यावेत, पण उन्हाळी सत्र पूर्ण ताकदीने पार पाडावे; एखादे वर्ष लांबले तरी वर्षे वाया जात नाहीत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या रचनेत यासाठी आणखी एक वाट आहे, आणि मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून प्रथम वर्षाला लागू झाली आहे. या रचनेत प्रत्येक विषयाला श्रेयांक, म्हणजे अध्ययनाच्या तासांवरून ठरवलेले एकक, दिलेले असतात. एका सत्रात साधारण २२ श्रेयांक मिळवायचे असतात आणि ते विद्यार्थ्याच्या नावे शैक्षणिक श्रेयांक बँकेत, जिला महाविद्यालयांत ‘एबीसी’ म्हणतात, जमा होतात. एका वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, अशी सोय असून बाहेर पडताना ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव जोडावा लागतो. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परतावे आणि एकूण सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. ही व्यवस्था खेळाडूसाठी आखलेली नाही, पण तिचा सर्वाधिक उपयोग त्यालाच आहे. अट एकच की बाहेर पडणे रीतसर असावे: अर्ज देऊन, श्रेयांक जमा झाल्याची खात्री करून, प्रमाणपत्र हाती घेऊन. शिबिराला गेला आणि परत वर्गात दिसला नाही, अशा पद्धतीने सोडलेल्या शिक्षणाला यातील कोणतीच सोय लागू पडत नाही.

तेव्हा शिक्षण थांबवणे केव्हा योग्य ठरते? करार लेखी आहे, निव्वळ चाचणीचे किंवा ‘शिबिराला ये, बघू’ या स्वरूपाचे बोलावणे नाही. संघात त्याच्या जागेवर, म्हणजे डावा कोपरा असेल तर डाव्या कोपऱ्यावर, आधीच दोन अनुभवी खेळाडू कायम केलेले नाहीत. चालू वर्षाची दोन्ही सत्रे पूर्ण झाली आहेत. आणि घरावर असे कर्ज नाही की पहिल्या वर्षीचे मानधन आल्याआल्या संपून जाईल. या गोष्टी जुळल्या तर एक वर्षाचा विराम घेण्यास हरकत नसावी, आणि तसा विराम न घेणे हाच कधी कधी अतिसावधपणा ठरेल. केवळ निवड चाचणीसाठी, खासगी अकादमीत राहण्यासाठी, किंवा पुण्या-मुंबईच्या एखाद्या क्लबने खोली देऊ केली म्हणून शिक्षण सोडणे मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही. शेवटच्या प्रसंगी मुंबईतल्या महाविद्यालयात प्रवेश बदलून घेणे हा साधा मार्ग असतो, आणि तळ्यातील बहुतेक कुटुंबांचे कोणी ना कोणी नातलग मुंबईत असल्यामुळे तो अवघडही नसतो.

दुखापतीचा विचार निराशावादी समजला जातो, तरी तो करणे भाग आहे. चढाईत अचानक दिशा बदलताना किंवा घोट्याची पकड बसताना गुडघ्याच्या आतील पुढचा बंध, ज्याला खेळाडू ‘एसीएल’ म्हणतात, तुटू शकतो, आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतण्यास नऊ महिने ते वर्षही लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या हंगामाचा सर्वांत महागडा खेळाडू असलेला पवन सेहरावत पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून सबंध हंगामाबाहेर गेला. सिद्धार्थ देसाईचाही एक हंगाम खांद्याच्या दुखापतीने जवळपास बुडाला. असे नामवंत खेळाडू परत येतात, कारण संघ त्यांची वाट पाहतात. नवोदिताची वाट कोणी पाहत नाही. म्हणून करारात तीन गोष्टी शोधाव्यात: उपचाराचा खर्च कोणाचा आणि कुठपर्यंत, दुखापतीमुळे खेळता आले नाही तर मानधनाचा किती भाग मिळतो, आणि हंगाम संपल्यावर उघड झालेल्या दुखापतीची जबाबदारी कोणाची. वय १८ पूर्ण नसेल तर खेळाडूने स्वतः केलेला करार कायद्याने बंधनकारक होत नाही, त्यामुळे अशा वयात कोणी सही मागत असेल तर वकिलाला दाखवल्याखेरीज ती करू नये. मानधन देताना साधारणतः १० टक्के कर आधीच कापला जातो. विवरणपत्र भरले तर त्यातील काही भाग परत मिळू शकतो, आणि भरले नाही तर तो जातो. मध्यस्थाला किती टक्के द्यायचे हेही कागदावर असावे.

पूरक आहाराच्या पावडरी आणि गोळ्या हा आणखी एक धोका आहे, आणि ग्रामीण खेळाडूंना त्याची कल्पना कमी असते. एनबीएच्या २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडलेला पंजाबचा सतनाम सिंग भामरा हा ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. त्याला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही, आणि पुढे उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी आढळल्याने २०२० साली त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. जिममध्ये कोणी दिलेला डबा वजन वाढवतो म्हणून घेणे, हे नोकरी आणि करार दोन्ही घालवण्यास पुरेसे आहे. कबड्डीत वजनालाही मर्यादा आहे: कुमार गटात ७० किलो, पुरुष गटात ८५ किलो. कुमार गटातून वर येताना झटपट वजन वाढवण्याची घाई याच टप्प्यावर होते.

मुलींच्या बाबतीत उत्तर जवळजवळ निर्विवाद आहे. २०१६ साली तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज स्पर्धा झाली, पण पुरुषांच्या लीगच्या तोडीची आणि तितकी स्थिर महिला लीग उभी राहिलेली नाही. २०१२ च्या विश्वचषकानंतर दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे यांना महाराष्ट्र शासनाने प्रत्येकी एक कोटी रुपये दिले, ते जगज्जेतेपदासाठी दिलेले पारितोषिक होते आणि त्यावर कोणाचा संसाराचा हिशेब बसवता येत नाही. मुलींसाठी रेल्वे, पोलीस आणि बँका हाच व्यावसायिक मार्ग आहे, आणि त्यासाठी पदवीइतके उपयोगी दुसरे काही नाही. ‘खेळ झाला, आता लग्न’ असे म्हणून तिचे शेवटचे वर्ष अर्धे ठेवणारे पालक तिची नोकरीची संधीच काढून घेत असतात.

तळ्याच्या खेळाडूला काही अडचणी खास तिथल्याच आहेत. गावातील सामने बहुधा मातीवर होतात, तर राज्य स्पर्धा आणि लीग मॅटवर. मॅटवर बूट घालून खेळताना पाय घसरण्याऐवजी अडकतो, बोनस रेषेवर पाय टाकण्याची लय बदलते आणि गुडघ्यावर येणारा ताण वाढतो. चाचणीच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदा मॅटवर उतरलेला मुलगा मातीवर कितीही चपळ असला तरी तिथे अवघडलेला दिसतो. निदान चाचणीपूर्वी दोन-तीन महिने आठवड्यातून एक-दोनदा जवळपास जिथे मॅट उपलब्ध असेल तिथे सराव मिळेल अशी तजवीज संघचालकांनी करावी. तालुक्यातील सगळ्या मंडळांनी मिळून एक मॅट घेतली तर हा प्रश्न कायमचा मिटेल, पण चषकांवर होणारा खर्च पाहता ही सूचना किती जण ऐकतील याविषयी शंका आहे.

खेळ जमला नाही तर काय, याचेही उत्तर जवळच आहे. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, माणगाव तालुक्यातील विळे-भागाड वसाहतीत पोलादाचा मोठा कारखाना आहे. रसायनशास्त्रातील पदवीधराला किंवा आयटीआय केलेल्याला तेथे काम मिळण्याची शक्यता बारावीच्या गुणपत्रिकेवर अर्ज करणाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक असते. शारीरिक शिक्षण शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याला पदवीनंतर बी.पी.एड. करावे लागते, आणि पंच किंवा प्रशिक्षक म्हणून पुढे जाणाऱ्यालाही परीक्षा चुकत नाहीत.

शिक्षण चालू ठेवायचे असो वा थांबवायचे, कागदपत्रांचे काम मात्र त्याच वर्षी करून टाकावे. शिबिराला निघण्याआधी प्राचार्यांना अर्ज द्यावा, सोबत संघाचे पत्र जोडावे आणि पोच घ्यावी. क्रीडा शिक्षकाकडून विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला कळवावे आणि लीगमध्ये खेळल्याने त्या वर्षीच्या आंतरविद्यापीठ पात्रतेवर काही परिणाम होतो काय, हे लेखी विचारून घ्यावे. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रे मिळाल्या मिळाल्या नाव, जन्मतारीख आणि क्रमांक तपासून घ्यावीत, कारण आधार कार्डावरील आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नावात एका अक्षराचा फरक असला तरी पडताळणी अडते. शासकीय नोकरीसाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून होते. तीत वेळ जातो, आणि भरतीची जाहिरात निघाल्यावर अर्ज करणाऱ्यांच्या हातात तो अहवाल वेळेत पडेलच असे नाही, म्हणून प्रमाणपत्र मिळाल्याच्या वर्षीच हा अर्ज करावा.